आईंची पायोग्लिटाझोनची गोळी, मूत्राशयाच्या कॅन्सरची भीती आणि वडिलांची लाल लघवी

निफाड तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न, थोडक्यात असा. आई 63 वर्षांच्या, बारा वर्षांपासून मधुमेह. सहा वर्षांपासून ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन एकत्र असलेली गोळी चालू आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘शुगरच्या गोळीने मूत्राशयाचा कॅन्सर, सरकारने बंदी घातली’ असा मजकूर आला आणि आईंनी आठवड्यापूर्वी गोळी बंद केली. संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात. जाता जाता मुलाने आणखी एक गोष्ट लिहिली आहे: वडील 68 वर्षांचे, बिडी ओढतात. त्यांनाही ‘थोडी शुगर’ आहे म्हणून ते आईंच्याच पाकिटातली गोळी घेतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांना एकदा लालसर लघवी झाली होती, पण उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी प्यायले आणि ती आपोआप थांबली. प्रश्न आईंबद्दल आहे: गोळी कायमची बंद करावी का?

मी सुरुवात वडिलांपासून करतो. तुमच्या घरात मूत्राशयाच्या कॅन्सरची काळजी ज्यांच्याबद्दल करायची ते आधी वडील आहेत, आई नाहीत.

बिडी ओढणारा, साठी उलटलेला पुरुष आणि डोळ्यांना दिसेल इतकी लाल लघवी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कारण सापडेपर्यंत तपास सोडायचा नसतो. आग, जळजळ, दुखणं काही नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यानेच घरच्यांना धीर येतो, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. उन्हाळी लागली की लघवीला आग होते, थेंब थेंब होते. न दुखता नुसतंच रक्त जाणं हे वेगळं प्रकरण. मूत्राशयातल्या गाठीतून रक्त येतं ते असंच, अधूनमधून. एक-दोन दिवस दिसतं, मग आठवडे, कधी महिने लघवी स्वच्छ असते. धने-जिऱ्याच्या पाण्याने थांबलं असं वाटतं, पण ते न पिताही थांबलंच असतं.

घाबरवायचा हेतू नाही. लाल लघवी झालेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. मुतखडा निघतो, जंतुसंसर्ग निघतो, या वयात प्रोस्टेट निघतं. पण ते तपासूनच कळतं. या आठवड्यात लघवीची रुटीन आणि कल्चर, क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या, आणि रिपोर्ट घेऊन युरोलॉजिस्टकडे जा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून परत फिरू नका. लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत सुटू शकते, म्हणून या वयात दुर्बिणीने मूत्राशय आतून बघावं लागतं. ती तपासणी जागा बधिर करूनही होते, फार वेळ लागत नाही. हे सगळं नाशिक शहरात होतं, मुंबई गाठायची गरज नाही. वडील म्हणतील, द्राक्षाची छाटणी उरकू दे मग बघू. छाटणीला माणसं मिळतात, तेवढी मात्र ठेवू नका.

आणि त्यांनी आईंच्या पाकिटातली गोळी आजपासून घेऊ नये. एक कारण असं की दिसण्याइतकं रक्त लघवीतून गेलंय आणि त्याचा तपास झालेला नाही, अशा माणसाला पायोग्लिटाझोन द्यायचंच नाही, असं या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. दुसरं म्हणजे त्या गोळीतलं ग्लिमेपिराइड. शेतात दुपारी जेवायला उशीर झाला तर त्याने साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, माणूस ट्रॅक्टरवर असला तर पुढचं सांगायला नको. त्यांची शुगर किती आहे हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. त्यांना कदाचित दुसरीच गोळी लागेल, कदाचित नुसतं मेटफॉर्मिन पुरेल. उपाशीपोटी, जेवणानंतरची आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, एवढं एकदा त्यांच्या स्वतःच्या नावाने करा. नवरा-बायकोने एका पाकिटात दोघांचा मधुमेह भागवण्याचा प्रकार आमच्याकडे इतका सर्रास आहे की मी आता नव्या रुग्णाला विचारतोच, ‘घरात अजून कोण ही गोळी घेतं?’

आता आई.

त्यांनी बंद केली ती एक गोळी, पण बंद झाली तीन औषधं. भीती होती पायोग्लिटाझोनची, त्यासोबत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडही गेली, आणि या दोघांवर मूत्राशयाच्या कॅन्सरचा आळ कधी नव्हता. आठवड्याभरात शुगर चढलीच असणार. जास्त तहान, रात्री लघवीला उठणं, थकवा असं काही सुरू झालं असेल तर आजच ग्लुकोमीटरवर बघा. 300 च्या वर असेल किंवा उलट्या होत असतील तर डॉक्टरांच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. बाकी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा: ‘पायोग्लिटाझोन वगळून उरलेली दोन औषधं असलेली गोळी चालेल का?’ अशी गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये असते, स्वस्त असते, आणि डॉक्टरांना हा बदल फोनवर सांगणं जड जात नाही.

पाकीट हातात घेतलंच आहे तर मागचे घटक वाचा. ब्रँडच्या नावाच्या शेवटी ‘पी’ असलं की बऱ्याचदा पायोग्लिटाझोन असतं, पण त्या अक्षरावर विसंबू नका. पायोग्लिटाझोन 7.5, 15 की 30 मिलिग्राम, तेही बघा. आपल्याकडे साडेसात आणि पंधराच जास्त चालतं. परदेशात ज्या मात्रेवर अभ्यास झाले ती बहुतेक 30 ते 45 ची होती. रोज 15 मिलिग्राम घेणाऱ्या आपल्या बाईला तिथले आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तुम्हाला आलेला मजकूर जुना आहे. त्यात बंदी घातल्याचं आहे, बंदी उठल्याचं नाही. 18 जून 2013 ला केंद्र सरकारने पायोग्लिटाझोनचं उत्पादन आणि विक्री स्थगित केली, आणि 31 जुलै 2013 ला, दीड महिन्यातच, स्थगिती मागे घेतली. परत आणताना अटी घातल्या: हे औषध पहिल्या पसंतीचं म्हणून वापरू नये, मूत्राशयाचा कॅन्सर असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाला देऊ नये, लघवीतल्या रक्ताचा तपास झाला नसेल तर देऊ नये, सुरू करण्याआधी वय, बिडी-सिगारेट, घरातला इतिहास, रसायनांशी संबंध विचारावा, आणि तीन ते सहा महिन्यांनी फायदा होतोय का ते बघून पुढे चालू ठेवावं. त्या दीड महिन्यात डॉक्टरांकडे शुगर चारशेवर गेलेले लोक आले, कारण मेडिकलवाल्याने ‘ही गोळी बंद झाली’ म्हटलं आणि माणसाने घरी जाऊन सगळंच बंद केलं. तुमच्या आईंनी तेच केलंय, काही वर्षं उशिरा.

मग हा संशय आला कुठून? औषध बाजारात येण्याआधी उंदरांवर दोन दोन वर्षांचे प्रयोग होतात. त्यात मोठ्या जातीच्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या. माद्यांमध्ये दिसल्या नाहीत. त्या नरांच्या लघवीत खडे आणि स्फटिक साठतात, त्याने अस्तर घासलं जातं आणि गाठी होतात, असं एक स्पष्टीकरण आहे. माणसाला ते लागू पडतं का यावर वाद राहिला. मग 2005 मध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या 5,238 मधुमेहींवरचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांपैकी 14 जणांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 6 जणांना. आकडे लहान, पण डोळ्यांवर येणारे. 2011 च्या जूनमध्ये फ्रान्सने सुमारे 15 लाख मधुमेहींच्या विमा नोंदी तपासून औषध थांबवलं. तिथे धोका 22 टक्के जास्त दिसला होता. युरोपच्या औषध संस्थेने त्याच वर्षी औषध पूर्ण काढलं नाही, बंधनं घातली. अमेरिकेने इशारा छापायला लावला.

पुढे 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 1,93,099 मधुमेहींचा दीर्घ अभ्यास पूर्ण झाला. त्याच अभ्यासाच्या 2011 मधल्या अंतरिम आकड्यांमुळे इशारे निघाले होते: दोन वर्षांहून जास्त घेणाऱ्यांत धोका 40 टक्के जास्त, असं तेव्हा म्हटलं होतं. शेवटी हिशोब झाला तेव्हा वाढ 6 टक्क्यांवर आली, आणि ती योगायोगानेही येऊ शकेल इतकी. लगेच 2016 मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून उलटं निघालं: धोका 63 टक्के जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2016 मध्ये सगळं पुन्हा पाहून इशारा कायम ठेवला: धोका वाढत असावा.

माझं मत विचाराल तर थोडा धोका आहे असं धरून चालावं. पण ‘थोडा’ म्हणजे किती हे बघायला ब्रिटनचाच, म्हणजे सगळ्यात वाईट वाटणारा आकडा घ्या. एक लाख माणसांनी एक वर्ष ही गोळी घेतली तर 121 जणांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांमध्ये सुमारे 89 जणांना. लाखात 32 जास्त. 63 टक्के हा त्यातूनच, वय आणि इतर गोष्टींची वजाबाकी करून आलेला आकडा. बातमीत तेवढाच छापला जातो. शिवाय हा ब्रिटनचा पाया आहे. आपल्याकडे हा कॅन्सर तिथल्यापेक्षा खूप कमी, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या तीन-चार पट कमी. तुमच्या आई बिडी, मिश्री काही घेत नाहीत. त्यांच्यासाठी 15 मिलिग्रामचा हिशोब फार बारीक होतो.

बिडीचा हिशोब मात्र बारीक नाही. धूम्रपान करणाऱ्याला मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका न करणाऱ्याच्या तीन-चार पट असतो, म्हणजे वादग्रस्त गोळीचा सगळ्यात वाईट आकडाही त्याच्या जवळपास येत नाही. अमेरिकेत या कॅन्सरच्या निम्म्या रुग्णांमागे तंबाखूचा धूर आहे. धुरातली रसायनं रक्तात जातात, मूत्रपिंडातून गाळली जातात आणि लघवीत साठून तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. लोकांना वाटतं बिडी फुप्फुसापुरती. सिन्नरचा बिडीधंदा आपल्या जिल्ह्याच्या ओळखीचा, म्हणून बिडी घरची वाटते. मूत्राशयाला ते माहीत नसतं. गोळीवर चर्चा करणाऱ्या ग्रुपवर बिडीबद्दल कोणी काही टाकलं होतं का, तेवढं कळवा!

वडिलांच्या बाबतीत डॉक्टर आणखी विचारतील: पूर्वी रंग, रबर किंवा चामड्याच्या कारखान्यात काम केलं होतं का? कधी पोटाच्या खालच्या भागाला रेडिएशन घेतलं होतं का? काही असेल तर सांगा.

आता पायाची सूज. आईंच्या प्रश्नात मला जे खरं महत्त्वाचं वाटलं ते हे. पायोग्लिटाझोन शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवतं. पाय सुजतात, वजन चढतं, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर ते थकू लागतं. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला हे औषध चालत नाही, आणि या बाबतीत डॉक्टरांमध्ये मतभेद नाहीत. विचारा आईंना: जिना चढताना दम लागतो का? रात्री आडवं झालं की धाप लागते, उशी उंच लागते? महिन्यात दोन-तीन किलो वजन वाढलंय? एखादं ‘हो’ आलं तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि ईसीजी करून घ्या, आणि तोवर पायोग्लिटाझोन परत सुरू करू नका. बीपीसाठी त्या अ‍ॅम्लोडिपिन घेत असतील तर त्यानेही पाय सुजतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नुसती शुगरची नको.

दुसरी गोष्ट हाडांची. पाळी गेलेल्या बायकांमध्ये या औषधाने हात-पायाचं हाड मोडण्याचं प्रमाण वाढतं. साठी ओलांडलेल्या, अंगणात-शेतात वावरणाऱ्या बाईला खुब्याचं किंवा घोट्याचं हाड मोडणं म्हणजे पुढे वर्षभर घर हलतं. मी स्वतः या वयाच्या बायकांमध्ये पायोग्लिटाझोन आता क्वचित ठेवतो, आणि कारण विचारलं तर सूज आणि हाडं सांगतो. कॅन्सर तिसऱ्या नंबरवर येतो.

तरी हे औषध मी कपाटातून काढलेलं नाही. स्वस्त आहे. इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीरावर ते जसं काम करतं तसं फार थोडी औषधं करतात. यकृतात चरबी साठलेल्यांना फायदा होतो. आणि 2016 मध्ये पक्षाघात होऊन गेलेल्या, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या पण मधुमेह नसलेल्या लोकांवर जो अभ्यास आला, त्यात पुन्हा पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण 11.8 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आलं. चाळिशीतला, जाड, बिडी न ओढणारा, यकृतात चरबी असलेला आणि महिन्याला हजार रुपयांची औषधं न परवडणारा माणूस समोर असेल तर मी 15 मिलिग्रामची गोळी लिहितो, लघवीबद्दल विचारतो, आणि तीन महिन्यांनी उपयोग दिसला नाही तर बंद करतो.

आईंना बदलून काय मिळेल? बहुधा डॉक्टर डापाग्लिफ्लोझिनचं नाव घेतील. 2020 मध्ये पेटंट संपल्यापासून ते खूप स्वस्त झालंय. हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना त्याचा फायदा आहे, आणि ते पाणी धरून ठेवत नाही, उलट काढतं. तुम्ही ते इंटरनेटवर शोधलंत की तुम्हाला पुन्हा ‘मूत्राशयाचा कॅन्सर’ दिसेल, म्हणून आधीच सांगतो. 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने हीच शंकाही काढून ते औषध मंजूर करू नये असं सुचवलं होतं. चाचण्यांत औषध घेणाऱ्यांत मूत्राशयाचे कॅन्सर जास्त दिसले, पण त्यातल्या काहींच्या लघवीत औषध सुरू होण्याआधीच रक्त होतं. 2014 मध्ये परवानगी मिळाली. 2018 मध्ये 17,160 रुग्णांचा अभ्यास छापून आला. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत मूत्राशयाचे कॅन्सर 26, न घेणाऱ्यांत 45. संशय उलटा फिरला. या गोळीवर लघवीच्या तपासणीत साखर भरपूर दिसते, ती औषधाचं कामच आहे, घाबरू नका. जननेंद्रियाला खाज किंवा बुरशी मात्र होऊ शकते, तेव्हा स्वच्छता आणि पाणी भरपूर. उपवासाच्या दिवशी किंवा उलट्या-जुलाब चालू असताना ही गोळी थांबवायची, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

बाकी औषधांचं एक-एक ओळीत. ग्लार्जिन इन्सुलिनबद्दल 2009 मध्ये कॅन्सरच्या शंकेवरून गदारोळ झाला. पुढे साडेबारा हजार लोकांवर सहा वर्षं चाललेल्या चाचणीत कॅन्सर दोन्ही गटांत सारखा निघाला. मेटफॉर्मिनवर ओरड झाली ती औषधावर नव्हती, 2019-20 मध्ये परदेशात काही बॅचेसमध्ये एनडीएमए नावाची, कॅन्सरची शंका असलेली अशुद्धी सापडली आणि त्या परत मागवल्या गेल्या. हल्लीच्या वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडच्या इंजेक्शनांबद्दल थायरॉइडची शंका उंदरांवरून आली. युरोपच्या औषध संस्थेला 2023 मध्ये सेमाग्लुटाइडच्या गटातल्या औषधांबाबत माणसांतला संबंध दाखवणारा पुरावा सापडला नाही. मात्र घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर ती घेऊ नयेत.

आणि गोळी न घेता शुगर वाढू दिली तर? मधुमेहच स्वतः काही कॅन्सर वाढवतो. यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाचं अस्तर यांत प्रमाण साधारण दुप्पट, आतडं, स्तन आणि मूत्राशयात वीस ते पन्नास टक्के जास्त. म्हणजे ‘औषध बंद केलं म्हणून कॅन्सर टळला’ हा हिशोब जुळत नाही. यातून आईंपुरत्या दोन गोष्टी. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा डाग लागला तर लाजून गप्प बसायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. दुसरी, आतापर्यंत आटोक्यात असलेली शुगर कारण नसताना उसळली आणि सोबत वजन झरझर उतरू लागलं तर गोळ्या वाढवत बसायचं नाही, स्वादुपिंडाचा स्कॅन करायचा.

आईंनाही एकदा लघवीची रुटीन करून घ्या, सहा वर्षं झाली आहेत गोळीला. बायकांमध्ये एक घोटाळा होतो: लघवीत रक्त दिसलं की जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक लिहिलं जातं, दोन महिन्यांनी पुन्हा, मग पुन्हा, आणि कल्चर मात्र एकदाही केलेलं नसतं. त्यांना असं कधी झालं असेल तर तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. रिपोर्टमध्ये लाल पेशी नाहीत, लघवीला रंग नाही, आणि पायोग्लिटाझोन बंद आहे, तर त्यांना आता दुर्बिणीच्या तपासणीची गरज नाही.

युरोलॉजिस्टची वेळ आधी वडिलांसाठी घ्या. त्याच दिवशी आईंना फिजिशियनकडे दाखवता आलं तर एका फेरीत काम होईल. वडिलांची लघवी पुन्हा लाल झाली तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती हमखास स्वच्छ झालेली असते.